आधी अनार बाहेर, मग छत

चंद्रकांताबाईंच्या शिलाईत जोड शोधूनही सापडत नसे. कोंढ्याच्या कवडूभाऊंचा मंडप-डेकोरेशनचा धंदा, आणि त्यांचं सगळं कापड गेली पंधरा वर्षं बाईच शिवत आलेल्या. लग्नाच्या हॉलमध्ये वर छत ताणायचं, कडेनं झालरी सोडायच्या, भिंतींवर वरपासून खालपर्यंत सॅटिनचे पडदे. भिंत दिसू द्यायची नाही, खांब दिसू द्यायचा नाही, दारसुद्धा नाही. ‘महालात आल्यासारखं वाटते,’ असं पाहुणे म्हणायचे. ते ऐकायला बाई थोडा वेळ उगाच रेंगाळत.

एप्रिलमध्ये लाखांदूर रस्त्यावरच्या टेकचंदसेठच्या हॉलमध्ये एक लग्न होतं; सजावट कवडूभाऊंचीच. भर दुपारचा मुहूर्त. बाईंकडे शिलाई शिकणारी रिता त्या लग्नाला गेली होती, स्वतः शिवलेला पहिला ब्लाऊज घालून.

नवरदेव-नवरी आत येताना दोन्ही बाजूंना अनार, म्हणजे ठिणग्यांचं कारंजं उडवणारे भुईनळे, लावले होते. कोणाचा तरी पाय लागून एक कलंडला आणि त्याचं कारंजं झालरीवर गेलं. सॅटिन सुती कापडासारखं जळत नाही. ते वितळतं आणि जळते थेंब होऊन खाली पडतं. छत पेटलं तशी सगळी माणसं एकाच मोठ्या दाराकडे धावली. कामगारांनी बांबूनं छत ओढून पाडलं, बोअरच्या पाइपानं पाणी मारलं. दहा मिनिटांत आग विझली. जीव कोणाचा गेला नाही, पण अकरा जण भाजले. रिताची पाठ आणि डावा हात सोलून निघाला.

बाई दवाखान्यात गेल्या तेव्हा रिता पालथी पडलेली होती. मान न वळवता ती म्हणाली, “मावशी, मी मांगच्या दाराकडे पळाली होती. मले मालूम होतं तिथं दार हाय. पण सापडलंच नाही. हातात नुसता कपडाच येऊन राहिला होता.”

तिनं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर तिनं पाणी मागितलं. बाईंनी पेला तिच्या तोंडाशी धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या कवडूभाऊंच्या गोदामात जाऊन उभ्या राहिल्या.

“तुमची काय चूक, बाई?” कवडूभाऊ म्हणाले. “अनार का आपण लावले?”

“अनार त्यायनं लावले. दार मी झाकलं. आता एकाही दारावर सलग पडदा लागणार नाही. अन् हॉलच्या आत अनार फुटणार असन, तं माझं छत तिथं लागणार नाही.”

“लग्नं दुसऱ्याकडे जातीन.”

“जाऊ द्या.”

“हॉल सेठचा हाय. आपण कोण सांगणारे?”

“मंग सेठलेच सांगू. चला.”

टेकचंदसेठ माणूस वाईट नव्हता. भाजलेल्यांच्या घरी तो स्वतः जाऊन आला होता. पण अनारावर त्याचा विश्वास होता. “ताई, हे कोल्ड अनार हाय. थंडी आग. विकणारे हातावर धरून दाखवतात.”

“उरले असतीन तं आणा एक. आंगणात लावून पाहू.”

सेठनं आणला. बाईंनी पिशवीतून त्याच छताचं उरलेलं कापड काढलं, बांबूच्या टोकाला बांधलं आणि अनार पेटल्यावर कारंज्यावर धरलं. कापड आधी आक्रसलं, मग काळं पडलं, आणि पेटते थेंब टपटप फरशीवर पडू लागले. एक सेठच्या चपलेजवळ पडला तसा तो मागे सरला. थेंब फरशीवर पडूनही जळतच होता.

“लोक ऐकणार नाहीत, ताई,” सेठ म्हणाला. आवाज उतरला होता.

“बुकिंगच्या कागदावर लिहा. अनार, फटाके, सगळं बाहेर. लोकायचं मी पाहीन.”

मे महिन्यात बपेऱ्याहून त्याच हॉलवर वरात आली. कागदावर सही झाली होती, तरी नवरदेवाचे मित्र खोक्यातून सहा अनार घेऊन हॉलच्या दाराशी आले. बाई उंबऱ्यावर आडव्या उभ्या राहिल्या.

“तुम्ही कोण जी?” एकानं विचारलं.

“छत शिवणारी. ते खोकं आत जाणार नाही.”

आवाज चढला, वाजंत्री थांबली. नवरदेवाची आई देवकाबाई पुढं आली. “काय झालं बाप्पा? कायले अडवून राहिल्या?”

बाई तिच्याशी भांडल्या नाहीत. हात धरून तिला आत नेलं, वरचं छत दाखवलं, मधे दुभागून ठेवलेल्या पडद्यांतून तिन्ही दारं दाखवली, आणि रिताला दार का सापडलं नव्हतं ते सांगितलं. देवकाबाईनं ऐकता ऐकता पदर तोंडाला लावला. मग बाहेर येऊन मुलाच्या मित्रांना म्हणाली, “आंगणात लावा तिकडं, मोकळ्यात. माझी सून त्या छताखालून अनारासंग येणार नाही.”

अनार अंगणात फुटले. नवरदेव-नवरी ते पाहून, हसत आत आली.

त्या हंगामात दोन लग्नं कवडूभाऊंच्या हातची गेली. ते कुरकुरले, पण बाईंना अट सोडा म्हणाले नाहीत. रिताचा हात अजून पुरता सरळ होत नाही. तरी ती मशीनवर बसते आणि दाराचे दुभागलेले पडदे आता तीच शिवते.

पवनीकडच्या एका हॉलवाल्यानं बाईंना दोनदा ‘पाहू’ म्हणून परत पाठवलं आहे. त्याच्या हॉलमध्ये अजून आतच अनार लागतात. येत्या सोमवारी बाई सकाळच्या एसटीनं तिसऱ्यांदा जाणार आहेत. या वेळी रिताही येते म्हणाली आहे.