पेटीवर नसलेलं नाव

प्रान्वेरा लेशी माझ्या घरी आली ती चौऱ्याण्णव सालच्या सप्टेंबरात. अल्बेनियाच्या डोंगरातली एकोणीस वर्षांची मुलगी, इटलीत फेराराच्या विद्यापीठात औषधशास्त्र शिकायला शिष्यवृत्ती मिळवून आलेली. मी सदतीस वर्षं शाळेत शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या घरात मागची खोली रिकामीच पडून होती.

पहिल्या संध्याकाळी ती दारातच अडखळली.

"बाई, माझा आवाज चालेल ना? मी मोठ्याने पाठ करते."

"सदतीस वर्षं मी दुसरं काय ऐकलंय?" मी म्हटलं.

तिकडच्या पुष्कळ मुलांसारखी तीही आमची भाषा टीव्ही बघून शिकली होती. त्यामुळे साधी गोष्टही ती बातम्या वाचल्यासारखी बोले. कोपऱ्यावरची बेकरीवाली मला म्हणाली, "बाई, तुमची पाहुणी पाव मागते की निवडणुकीचे निकाल सांगते?" प्रान्वेराला हे सांगितलं तेव्हा ती खूप हसली आणि मग दोन दिवस बेकरीत फिरकली नाही.

आमच्याकडे लाल भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता करतात. तिला तो गोड लागायचा, तरी ताटातलं सगळं संपवायची. सायकल येत नसल्यामुळे धुक्यातून चालत कॉलेजला जायची. सकाळी साडेसातला बाहेर पडायची आणि तीनला परतायची. परत आल्यावर आधी जिन्याखालच्या टपालाच्या पेट्यांपाशी थांबून माझ्या पेटीच्या फटीतून आत बघायची.

एकदा मी गमतीने म्हटलं, "काय गं, तुमच्याकडचं टपाल गाढवावरून येतं का?"

"गाढवावरूनच येतं, बाई," ती हसली नाही. "पण येतं."

त्या रात्री जेवताना तिने सगळं सांगितलं. त्या काळात तिच्या देशातल्या मुलींना कामाचं, शिक्षणाचं आमिष दाखवून होडीतून इकडे आणत आणि पुढे त्यांचं काय होई ते कोणी मोठ्याने बोलत नसे. शेजारणींनी आईचं डोकं खाल्लं होतं. आईचं हृदय आधीच अधू. तिने एकच अट घातली होती: "मी तुला पत्र लिहीन. माझ्या पत्रात जे विचारलं असेल, त्याचं तुझ्या हातचं उत्तर आलं, की मी समजेन तू सांगितलेल्या जागीच आहेस."

प्रान्वेरा स्वतःहूनही दर आठवड्याला लिहीत होती. पण आईचं पत्र काही येईना.

"येईल गं," मी म्हणत राहिले. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबरही संपत आला.

एका रविवारी सकाळी मी भाजी घेऊन परतले, तर खालच्या दारापाशी एक तरुण उभा होता. दाढी वाढलेली, खांद्यावर पिशवी. घंटांच्या शेजारची नावं तो बोट फिरवून वाचत होता. सातही नावं त्याने दोनदा वाचली.

"कोण हवंय?"

"लेशी. प्रान्वेरा लेशी," तो म्हणाला. "ती इथे राहत नाही, मला माहीत आहे. पण शोधायला कुठून तरी सुरुवात करायची."

"राहते की! माझ्याकडेच. वर पाठांतर चाललंय तिचं."

"बाई, थट्टा करू नका. तुमच्या टपालखात्याने लेखी कळवलंय."

त्याने पिशवीतून एक पाकीट काढलं. पत्ता बरोबर होता. गल्ली, घराचा क्रमांक, मजला, सगळं वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलेलं. त्यावर शिक्का होता: या पत्त्यावर अशी कोणी व्यक्ती नाही.

माझ्या हातातली पिशवी मी पायरीवर ठेवली.

आमच्याकडे फ्लॅटच्या दारांना क्रमांक नसतात. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून टपाल टाकतो. नाव नाही तर पत्र परत. तो अकराला यायचा, तेव्हा प्रान्वेरा वर्गात असायची, त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या गावात तर पेट्याच नव्हत्या. टपाल दुकानात यायचं आणि दुकानदार नाव पुकारायचा. पाहुणी ठेवल्याचं मी दोन दिवसांत पोलिसांना कळवून आले होते, पावतीही जपून ठेवली होती. तिला किल्ल्या दिल्या, फ्रीजमधला एक कप्पा दिला. पेटीवर चार बोटं रुंदीची एक चिठ्ठी चिकटवायला हवी, हे सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. आमच्याकडे ते कोणी कोणाला सांगत नाही.

आमचे आवाज ऐकून प्रान्वेरा जिन्यात आली.

"दादा! पेत्रितदादा! अरे, हा काय अवतार? अस्वल झालायस अगदी!"

आणि बोलता बोलताच ती थांबली. त्यांच्यात घरचं माणूस गेलं की पुरुष चाळीस दिवस दाढी करत नाहीत. ती जिन्यातच खाली बसली.

"कधी?"

"नऊ दिवस झाले," पेत्रित म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, हृदय. ते आधीपासून होतंच, वेरा." मग मान खाली घालून म्हणाला, "पाकीट परत आलं त्या दिवशी तिने अंथरूण धरलं."

मी स्वयंपाकघरात सूप गरम केलं. ते कोणीच घेतलं नाही. पेत्रित तिच्या खोलीत गेला. खिडकी उघडून बघितली, पुस्तकं हातात घेतली, खुंटीवरचा कोट चाचपला.

"बाबा विचारतील," तो म्हणाला.

"मी लिहून देते," मी म्हटलं. "विद्यापीठाकडूनही पत्र आणते."

"कागदावर त्यांचा विश्वास राहिला नाही, बाई. हिची सगळी पत्रं आईला पुरल्यानंतर एकदम आली. बाबा म्हणतात, पत्र जबरदस्तीने लिहून घेता येतं. कोणी वयाचं माणूस समोर बसून बोललं, तर ऐकतील."

मी उभ्या आयुष्यात समुद्र ओलांडला नव्हता. बुधवारी आम्ही तिघं बारी बंदरातून अल्बेनियाच्या बोटीत बसलो.

तिच्या घरात दुखवट्याला आलेले पुरुष भिंतीला टेकून ओळीने बसले होते. तिचे बाबा दाराजवळ होते, ताठ, हडकुळे. मी सगळं सांगितलं: माझी शाळा, तिची खोली, सकाळचं पाठांतर, भोपळ्याचा पास्ता. प्रान्वेरा भाषांतर करत होती. शेवटी म्हटलं, "तिचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे. पेटीवर नाव लावायचं मी तिला सांगितलं नाही."

बाबा माझ्याकडे बघून काही बोलले. मी प्रान्वेराकडे वळले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कॉफी घ्या."

माझ्या दुसऱ्या बाजूला पेत्रित होता. तो हळू आवाजात म्हणाला, "तसं नाही म्हणाले. म्हणाले, एवढी वर्षं शिकवलंत, आणि एवढंच सांगायचं राहिलं?"

मी कॉफी घेतली. दुखवट्याच्या घरची ती, त्यात साखर नव्हती.

प्रान्वेराला कोणी अडवलं नाही. बाबा म्हणाले, जायचं तर जा. तिने चुलीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही पुढे व्हा. फेब्रुवारीत परीक्षेला येते."

परतीच्या बोटीत मी एकटीच होते. फेब्रुवारीत ती आली नाही. जूनमध्ये तिने कळवलं की पुस्तकं गावातल्या कोणाला तरी उपयोगी पडतील, तेव्हा पाठवून द्या. खुंटीवरचा कोट मात्र तुमच्याकडेच राहू दे.