वस्तादांच्या तोंडचं वाक्य

रविवारची दुपार, तांबडा रस्सा अंमळ जास्तच झालेला, डोक्यावर पंखा आणि पाच वाजता तालमीत मीटिंग. हिंदूराव इंगवल्यांचा डोळा लागतोय न लागतोय, तेवढ्यात त्यांच्या खाटेला कुणीतरी ढोपर लावतं.

"सरक जरा."

हिंदूराव सरकतात. सरकल्यावर ध्यानात येतं, की आवाज दौलू वस्तादांचा आहे, आणि वस्तादांना तर गेल्या महिन्यातच सगळ्या पेठेनं मिळून मसणात पोचवलंय.

कोल्हापुरात ज्या तालमीची कुस्ती, त्याच तालमीची फुटबॉल टीम. त्यामुळे बॉल शिकवणाराही वस्तादच. चिंचतळ तालमीच्या टीमला दौलूंनी जन्मभर शिकवलं. आता ते खाटेच्या कडेला बसून काहीतरी चावतायत. गाल फुगलाय, जबडा चाललाय.

"पान खाताय व्हय, वस्ताद?"

"पान न्हवं. वाक्य हाय."

"कसलं वाक्य?"

"सकाळी तू माझ्या तोंडात घातलंस त्ये. गिळवंना, थुकवंना."

हिंदूरावांचे कान तापतात. सकाळी तालमीच्या कट्ट्यावर, अध्यक्ष या नात्यानं, चार जणांत ते म्हणालेत खरे: जाता जाता वस्तादांनी माझा हात धरला आणि सांगितलं, रणज्याचा खेळ संपला, मधल्या जागेवर नवा प्लेअर आणा. वस्तादांचा शब्द म्हटल्यावर कोण बोलणार? पाच वाजता फक्त माना हलायच्या राहिल्यात.

खाट लांबत जाते. ती आता मैदानाची दगडी पायरी आहे आणि पायऱ्या गच्च भरल्यात. पेठेतली सगळी गेलेली माणसं बसलीत, फेट्यातली, टोपीतली, आणि झाडून सगळी चावतायत. शेजारच्या म्हाताऱ्याचा गाल तर नारिंगाएवढा.

"ह्यांना काय झालं?"

"ह्यांचीबी पोरंबाळं बोलकी हायेत," वस्ताद म्हणतात. "त्येचा नातू सांगत फिरतोय, आमच्या आज्यानं गोलपोस्टातनं किक मारली, बॉल रंकाळ्यात पडला. बिचाऱ्याला त्या दिवसापास्नं जेवण न्हाई."

खाली मैदान नाही, कुस्तीचा हौद आहे. तांबड्या मातीत रणज्या एकटाच खेळतोय. पास देतो, घ्यायला कुणी नाही. स्वतःच लंगडत जाऊन बॉल आणतो.

"खरं सांगा वस्ताद, नवा प्लेअर आणायचा का न्हाई?"

"आणा की. गुडघा गेलाय पोराचा. मधनं बॉल निघंना झालाय."

हिंदूरावांना केवढा हुरूप येतो. "मग! मी खोटं काय बोललो?"

"मी बोललो, ह्ये खोटं. माझी जीभ उचलत न्हवती, हिंदबा. आणि तू उशाशी बसून मोबाइल बघत हुतास."

पायऱ्यांवरचे सगळे जबडे थांबतात.

"आता ह्ये सांग," वस्ताद हळूच विचारतात, "त्येला गुडघ्यासाठी काढायलायस, का नारळासाठी?"

हिंदूराव पायऱ्या उतरून पळायला बघतात. गेल्या मॅचला त्यांनी रणज्याला कसं खेळायचं ते सांगितलं, तर भरल्या मैदानात तो म्हणाला, काका, तुमी नारळ फोडा, बॉलचं आमी बघतो. सगळी बाजू खदाखदा हसली. तेव्हापासून बारकी पोरंसुद्धा त्यांना बघून 'नारळ' म्हणतात.

शेवटच्या पायरीवरून पाय टेकतो तो न्हाव्याच्या खुर्चीपाशी. बसावंच लागतं. आरशात मागे वस्ताद, हिंदूरावांची हनुवटी धरून.

"माझ्या तोंडाची उसनवारी कशाला? तुला हाय की तोंड. रणज्याचं काय करायचं, ते त्येच्यासमोर बसून तुझ्या तोंडानं सांग. मला मधी घालू नगंस. आ कर."

वस्ताद स्वतःच्या गालातून ते वाक्य बोटांनी ओढून काढतात. काळं, ओलं, लांबच लांब. आणि हिंदूरावांच्या तोंडात कोंबतात.

"आता तुझं तू चाव."

"काका... ओ काका!"

पंखा फिरतोय. दारात रणजित उभा, एका पायावर भार टाकून. हिंदूराव उठून बसतात. जबडा ठणकतोय.

"मीटिंगला जायच्या आधी एवढंच इचारायला आलोय," रणजित खाली बघत म्हणतो. "वस्ताद खरंच तसं म्हणाले? म्हणाले असतील तर मी आपणहून जर्सी ठेवतो. त्यांचा शब्द मोडायचा न्हाई मला."

हिंदूराव बोलायला जातात, पण जिभेखाली काहीतरी आडवं येतं. ते बोट घालून बाहेर ओढतात. चामड्याची वादी. जुन्या काळी बॉलचं तोंड आवळायला असायची तसली, चावून चावून लिबलिबीत झालेली. तसले बॉल रणजितनं बघितलेलेसुद्धा नाहीत.

तो वादीकडे बघतो, मग काकांकडे.

"न्हाई," हिंदूराव म्हणतात. मान वर होत नाही. "वस्ताद काय बी बोलले न्हाईत, रणजित. बोललो त्ये मी. बस हितं."