उत्तम शुक्रवारचे मऊ बन

आमच्या चर्चच्या मंडळीत ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस लागले की कोण काय सोडतंय याची चौकशी सुरू होते. उपास गुपचूप करावा असं शास्त्र सांगतं. आम्ही तो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर करतो. एक गृहस्थ मटण सोडतात आणि अंडाकरीवर ताव मारतात. एक बाई मालिका सोडतात आणि शेजारणीकडून रोजची गोष्ट ऐकून घेतात. मी चहा सोडते, कॉफी धरते. त्या वर्षी माझ्या आत्याने चहाडी सोडल्याचं जाहीर केलं, आणि साताऱ्यातल्या निम्म्या मंडळीला हायसं वाटलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. उभी हयात मिरजेला दवाखान्यात नर्स होती, वॉर्डची सिस्टर म्हणून निवृत्त झाली. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "भूल उतरताना आईच्या नावाने रडणारे इतके पुरुष बघितलेत, की हौस फिटली." निवृत्तीनंतर ती साताऱ्याला माझ्याकडे राहायला आली. एक ट्रंक आणि बनची कृती, एवढंच सामान.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते. ख्रिस्ताचे वधस्तंभावरचे सात उद्गार, त्यावर सात वक्ते. तीन वाजता वधस्तंभाची खूण असलेला गोड बन आणि बिनदुधाचा चहा घेऊन उपास सोडायचा. ही पद्धत आत्यानेच मिरजेच्या नर्सांच्या होस्टेलमधून आणली होती. बनही तीच करायची. त्यात तासगावचे बेदाणे मुठीमुठीने असत, पण बन मऊ म्हणून कधी झाला नाही. बायबलात खमीर म्हणजे पाप, त्यामुळे आत्या यीस्ट फार जपून घालायची, आणि पीठ मात्र मनसोक्त. पहिल्या बाकावर बसणारे सुभेदारमामा, रहिमतपूरकडचे, फौजेतून आलेले, तिचा बन चहात बुडवून आधी प्रार्थनेसारखे डोळे मिटून बसायचे. भिजायला तेवढा वेळ लागे. पण सिस्टरला सांगणार कोण? इथे आल्यापासून निम्म्या मंडळीला तिनेच इंजेक्शनं दिली होती.

त्या वर्षी चर्चला नवे पाळकसाहेब बदलून आले. त्यांची बायको पुण्याची, तरुण, हौशी. आम्ही तिला रिवाजाप्रमाणे पाळकबाई म्हणू लागलो. तिच्याकडे स्वतःचा ओव्हन होता आणि बेकरीचा कोर्सही झाला होता. महिला मंडळाच्या बैठकीत ती गोड हसून म्हणाली, "सिस्टर, यंदा तुम्ही विश्रांती घ्या. बन मी करते."

सगळ्या बायकांनी आत्याकडे बघितलं.

"करा की," आत्या म्हणाली.

मग तिने डोळे मिटले आणि शेवटची प्रार्थना स्वतःकडे घेतली. "हे प्रभू, आमच्या नव्या पाळकबाईंना सद्बुद्धी दे. पुण्याच्या पिठाला साताऱ्याचं ऊन मानवू दे. ज्यांना घर झाडायला वेळ मिळत नाही त्यांना बन करायला वेळ दे. आमेन." चहाडी सोडली होती, प्रार्थना सोडली नव्हती. उरलेले सगळे दिवस मंडळीतल्या बातम्या आम्हाला अशाच, देवामार्फत, कळत राहिल्या.

उत्तम शुक्रवारी सकाळी वीज गेली. मी कपडे बदलत होते तेवढ्यात दारात पाळकबाई. हातात भलामोठा स्टीलचा डबा, त्यातल्या पिठाने झाकण वर उचललेलं. डोळ्यांत पाणी.

"ओव्हन बंद, आणि हे फुगतच चाललंय. काय करू, सिस्टर?"

आत्याने झाकण उचलून बघितलं. या क्षणाची ती कित्येक दिवस वाट बघत असावी. पण समोर कुणी रडायला लागलं की तिच्यातली नर्स आधी उठते. "रडू नका," ती म्हणाली. "आमचाही ओव्हन विजेचाच. चला पावाच्या भट्टीवर."

मी स्कूटर काढली. आत्या मागे, डबा तिच्या मांडीवर. पाळकबाई तिच्या गाडीवर पुढे. चौकापर्यंत जाताना पीठ झाकणाबाहेर येऊन आत्याच्या पांढऱ्या साडीवर उतरलं. ती एका हाताने ते आत ढकलत होती आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा आवळत होती.

भट्टीवाला आमच्या पाव-टोस्टचा नेहमीचा. त्याचा रमजान चालू होता. संध्याकाळच्या मालाने फळ्या भरलेल्या, भट्टी पेटलेली, आणि पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही. आमच्या मंडळीतले उपासकरी त्या वेळी साबुदाणा वडे संपवून प्रार्थनेला निघत असतील.

"बाई, रोजा हाय माझा. डोस्कं फिरवू नका," तो म्हणाला. "भट्टी मोकळी न्हाई."

"मोकळी करा," आत्या म्हणाली. वॉर्डात खाट मोकळी करायला सांगावी तसं.

त्याने डब्यात डोकावून नाक मुरडलं, पण पीठ फळीवर ओतून घेतलं. पाळकबाई पुढे झाली. तिला त्याने हातानेच थांबवलं. मग आत्या पुढे झाली. "अजून पीठ घाला. घट्ट मळा."

"बाई," तो मान वर न करता म्हणाला, "सुई कशी टोचायची हे मी कवा तुमाला सांगितलं का?"

आत्याला कुणी असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. ती मागे सरकली आणि पिठाच्या पोत्यावर बसली. त्याने पीठ दाबलं, तुपाचा हात फिरवला, गोळे केले, ओल्या फडक्याखाली ठेवले आणि आमच्याकडे पाठ करून आपले पाव काढत राहिला. खूण करायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "ही अधिकची खूण कशाला?"

"अधिक नाही. वधस्तंभ आहे," पाळकबाई म्हणाली.

"बरं. त्यो किती जाड पायजे?"

आम्ही चर्चच्या मागच्या खोलीत गरम बनचे ट्रे ठेवले तेव्हा दुसरा उद्गार चालू होता. तेवढ्यात वीज आली, पंखे फिरले आणि दालचिनीचा, तुपाचा वास थेट व्यासपीठाकडे गेला. तिसऱ्या उद्गारावरचे वक्ते वाक्याच्या मध्येच थांबले, आवंढा गिळला आणि "थोडक्यात सांगायचं तर" म्हणाले. आमच्या मंडळीत हे शब्द त्याआधी कुणी उच्चारलेले मला आठवत नाहीत. तहानेवरचा पाचवा उद्गार ज्यांच्याकडे असतो ते दरवर्षी इतका वेळ घेतात, की ऐकणाऱ्याला तो विषय वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवशी त्यांनी चष्मा लावला, एक मुद्दा मांडला, चष्मा काढला. सातही उद्गार अडीचच्या आत आटोपले.

पंचाईत पाळकसाहेबांची झाली. तीनच्या आधी उपासना सोडता येईना. त्यांनी वधस्तंभावरचं एक लांबलचक गीत सगळ्या कडव्यांसह गायला सांगितलं. आम्ही ते शोकगीत वरातीच्या चालीत संपवलं.

बन मात्र ढगासारखे झाले होते. लोकांनी दोन-दोन उचलले, काहींनी घरच्या आजारी माणसांसाठी म्हणून आणखी. आमच्याकडे इतके आजारी आहेत याची मला कल्पना नव्हती. सुभेदारमामा आत्यापाशी आले. "आवं सिस्टर, बन लय झ्याक. पर उपास केल्यासारखं काय वाटलं न्हाई बगा. दरसाली तुमचा बन खाल्ला की वधस्तंभ आठवायचा. ह्यो खाल्ला की वाढदिवस आठवला."

पाळकसाहेबांनी पाळकबाईंचे आणि सिस्टरचे जाहीर आभार मानले. दोघींनी "देवाची कृपा" म्हणून खाली बघितलं. भट्टीचा विषय कुणी काढला नाही.

आम्ही घरी आलो. दिवस मावळायला आला तेव्हा तिने उरलेले चार बन रुमालात बांधले. "चल," म्हणाली. वाटेत मध्येच थांबली.

"इतकी वर्षं मी लोकांना दगड खायला घातले. कुणी बोललं कसं नाही गं?"

"तुला कोण बोलणार, आत्या?"

ती पाठमोरी पुढे चालू लागली. तिची चाल एकाएकी म्हातारी वाटली मला.

भट्टीवाला खजूर खाऊन, पाणी पिऊन नुकताच टेकला होता. आत्याने रुमाल सोडून पुढे केला.

"माझ्याच भट्टीतलं मलाच?" तो हसला. सकाळपेक्षा बराच माणसात आला होता. मग त्याने हात जोडले. "न्हाई बाई, गोड चालत न्हाई. शुगर हाय."

आत्याचा चेहरा बदलला. मावळलेली सिस्टर ताडकन परत आली.

"शुगर? आणि दिवसभर या आगीपुढे बिनपाण्याचे? डॉक्टरला विचारलंत? गोळी कधी घेता?"

"घेतो की. आठवल तशी."

"आठवेल तशी!" तिने तिथेच पोत्यावर बैठक मारली. "हात करा इकडे. आणि मघाशी खजूर किती खाल्लेत?"

तो माझ्याकडे बघू लागला. मी भट्टीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून ती साखर तपासायचं यंत्र पर्समध्ये टाकून रोज संध्याकाळी भट्टीवर जाऊ लागली, आणि त्याची बायको तिला लपवलेल्या मिठाईच्या खबरा पुरवू लागली. आता त्याची साखर आटोक्यात आहे. आत्याला लांबून येताना बघितलं की तो तोंडात असेल ते घाईघाईने गिळतो आणि फडक्याने मिशा पुसतो.