तेलाचा पंप कोण मारत होतं?

आधीच सांगते, भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं मी काही मानत नाही. आमच्या घरानं बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या. लहानपणी कुणी पिंपळाची भीती घातली की बाबा म्हणायचे, "त्या पिंपळाला म्हणावं, माझ्या पोरीची गणितं सोडवून दे. देतो का बघू." अशा माणसाची मी मुलगी. मी स्वतः नांदेडला आयुष्यभर सरकारी कारकुनी करून रिटायर झाले. ग्रुपवरचे तुमचे अनुभव वाचून मी कैक वेळा हसले आहे, तेही कबूल करते. पण एक गोष्ट माझ्याच डोळ्यांदेखत घडली आणि ती मला आजवर पचलेली नाही.

आमचं गाव मुरुडपासून जवळ. नाव मुद्दाम देत नाही, कारण त्या घरची माणसं अजून तिथं आहेत. गावच्या मोठ्या जमीनदाराला सगळे 'मालक' म्हणायचे. त्याच्याकडं एक विलायती मोटारसायकल होती, पहिल्या महायुद्धाच्या काळातली. टाकीवरचं नाव घासून गेलेलं. पण तिचं इंग्रजी पुस्तक होतं आणि मी ते बाबांना वाचून दाखवायची, त्यामुळं अजून पाठ आहे – चार हॉर्सपॉवर, एकच सिलिंडर, साडेपाचशे सीसी, बोअर पंच्याऐंशी मिलिमीटर, स्ट्रोक सत्त्याण्णव. तीन गिअर, तेही हातानं टाकायचे. मागच्या चाकाला चेन नाही, पट्टा. बॅटरी नाही, मॅग्नेटोवर ठिणगी. दिवा कार्बाइडचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तेल. आजच्या गाडीसारखं इंजिनात तेल आपोआप फिरायचं नाही. टाकीच्या एका कप्प्यात पेट्रोल, दुसऱ्यात तेल, आणि वर पितळी मुठीचा एक पंप. चालत्या गाडीवर दर सात-आठ किलोमीटरला ती मूठ वर ओढून खाली दाबायची. एक दाब, एक घोट तेल. विसरलात तर पिस्टन जाम, मागचं चाक जागेवर थांबणार आणि बसलेला माणूस डांबरावर.

मालक स्वतः कधी तेलाला हात लावायचा नाही. कपडे खराब होतात! त्यासाठी माझे बाबा. गावातले एकमेव मिस्त्री. मागच्या कॅरिअरवर बसायचे आणि वेळ झाली की मालकाच्या उजव्या कोपराखालून हात घालून पंप मारायचे. अंगाला अंग लागलं तर शिव्या खायचे. वीस वर्षं त्यांनी हे केलं.

बहात्तरच्या दुष्काळात एके दिवशी गाडीचा कारबुरेटर गायब झाला. मालकानं ना विचारलं ना शोधलं, थेट म्हणाला, "ह्यानंच विकला." खळ्यावर सगळ्या गावासमोर त्याच्या गड्यांनी बाबांचा उजवा हात दगडावर धरला आणि बोटं ठेचली. मी तेव्हा सातवीत होते. मी बघितलंय ते. आठ दिवसांनी कारबुरेटर मालकाच्याच कोठीत सापडला. पुतण्यानं साफ करायला काढला होता म्हणे. कुणी आमच्या दारात आलं नाही, चुकलं म्हणालं नाही. बाबांच्या हातानं पाना धरवेना. तसल्या हातानं ते दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. पुढं लोकांची इंजिनं दुरुस्तीला यायची तेव्हा बाबा तोंडानं सांगायचे आणि हात मी चालवायची. मालकाबद्दल मात्र अवाक्षर नाही. मला वाटायचं, अरे, एक शिवी तरी दे ना त्याला! शेवटपर्यंत दिली नाही. तसेच गेले.

मग लातूर नवा जिल्हा झाला. त्या साली श्रावणही कोरडा ठणठणीत होता, पिकं करपून चाललेली, पण मालकाला पुढारी व्हायचे डोहाळे लागलेले. विलायती गाडीवर बसून लातुरात शिरायचं, लोकांनी बघत राहायचं! दहा वर्षं बंद पडलेली गाडी चालू कोण करणार? मी रजेवर गावी आलेले. माणूस पाठवून मला बोलावलं.

"सुमन, तुझ्या बापाची विद्या तुझ्याजवळ हाय म्हनतेत. कर की चालू."

मी हो म्हणाले. लगेच म्हणाले. आई रडली, "सरम न्हाई का गं तुला?" तिला काय सांगू मी का हो म्हणाले ते!

चार दिवस खपून गाडी चालू केली. मॅग्नेटो साफ केला, पट्टा नवा, सगळं चोख. मग शेवटच्या दिवशी इंजिनाच्या तळाचं तेल काढून टाकलं, पिस्टन ओला राहील इतकंच ठेवलं. पंपाच्या आतला चामडी वायसर काढून पर्समध्ये टाकला. वायसर गेलेली हापशी कशी कोरडीच हलते, तसा आता तो पंप. वरची मूठ हलली तरी थेंब खाली जाणार नव्हता.

मालकानं विचारलं, "तेलाचं कसं? मागं कुनी बसायला पायजे का?"

"न्हाई. आता आपोआप जातंय तेल. तुमी नुसती दामटा."

शांतपणे खोटं बोलले. मला तो माणूस रस्त्यावर पडलेला बघायचा होता. मेला असता तरी चाललं असतं. हे आज लिहितानाही मी सारवासारव करत नाही.

सकाळी दहाला तो निघाला. मागं त्याचीच जीप. गफूरचाचा चालवायला आणि शेजारी मी, वाटेत काही बिघडलं तर असावी म्हणून! माझा हिशेब होता की दहा-बारा किलोमीटरच्या आत इंजिन धरणार. मुरुड मागं पडलं. रस्ता सरळ, ऊन रखरखीत. मी सायलेन्सरवर नजर लावून बसले.

आणि सायलेन्सरमधून निळ्या धुराचा लोट आला.

ज्यांनी ही इंजिनं पाहिलीत त्यांना कळेल. तेलाचा घोट आत गेला की निळा धूर येतो, थोडा वेळ राहतो, विरतो. मी म्हटलं, राहिलं असेल तळाला थोडं. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत बसले. एक, दोन, तीन... सात-आठ दगड झाले आणि पुन्हा तसाच निळा लोट.

"चाचा, जीप बाजूला घ्या जरा."

चाचांनी जीप गाडीच्या बरोबरीनं घेतली. मालकाचे दोन्ही हात हँडलवर. मान ताठ, चेहरा घामानं डबडबलेला. मागचं कॅरिअर रिकामं. तिसऱ्यांदा वेळ झाली तेव्हा मालकानं उजवा कोपर जरा बाहेर काढला. बाबांना हात घालायला जागा द्यायचा ना, अगदी तसा. आणि ती पितळी मूठ वर आली. थांबली. सावकाश खाली गेली. मागं निळा धूर.

गफूरचाचा हळूच म्हणाले, "बेटी... मालिक के दोनों हातां तो हँडल पे हैं. फिर वो कोन दबारा?"

माझी पर्स मांडीवर होती. उघडून बघितली. वायसर आतच.

लातूरच्या वेशीवर लिंबाच्या सावलीत मालकानं गाडी थांबवली. पाय टेकवले आणि मागं न बघताच म्हणाला, "उतर."

मग बघितलं त्यानं. मागं कुणी नव्हतं.

तो गाडीवरून उतरला नाही, घसरलाच. धुळीत बसला. मी जीपमधून उतरले, पाना घेतला, इंजिनाच्या तळाचा स्क्रू सोडला. ताजं तेल बाहेर आलं, धार लागली. तो वायसर त्याच्यासमोर धरला आणि सगळं सांगून टाकलं.

"पंपात ह्यो नव्हता. मीच काढला. तुमी मरावं म्हनून काढला."

मला वाटलं, ओरडेल, मारायला धावेल. पण तो त्या तेलाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मुरुडपासनं कळत हुतं मला, मागं कुनीतरी हाय. मागं बघायची हिंमत झाली न्हाई. त्यानं मला सोडलं गं."

"बाबांनी सोडलं असंल," मी म्हणाले. "मी न्हाई सोडलं."

गाडी तिथंच टाकून तो बसनं गावी परतला. पुढारी काही झाला नाही. माझ्याविरुद्ध कुठं तक्रारही केली नाही. माझा इंजिनिअर भाचा म्हणतो, "मावशी, इंजिनाच्या व्हॅक्यूमनं तेल ओढलं असेल." असेल बाबा. ती मूठ वर-खाली कुणी केली? चाचांनी काय बघितलं? यावर तो विषय बदलतो.

तुमच्यापैकी कुणाला या मशीनची माहिती असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. फक्त एक विनंती आहे. 'तुमच्या बाबांनी तुम्हाला खुनी होण्यापासून वाचवलं' किंवा 'किती मोठ्या मनाचा माणूस' असलं काही लिहू नका. ते मला माहीत आहे. ज्यानं बोटं ठेचली त्याच्याच मागं ते पुन्हा जाऊन बसले, कोपराखालून हात घातला. त्यांचा इतका राग येतो मला... आणि भांडायला ते समोर नाहीत.