जर्मनमध्ये टाकलेली बातमी

सांगलीच्या स्टँडवरून मुंबईची बस सुटताना अण्णा खिडकीशी येऊन म्हणाले होते, "पोचलास की कळव. थोडक्यात. पाल्हाळ नको." त्यांची सगळी नोकरी तार ऑफिसात गेलेली. आई मागून म्हणाली, "त्यांचं ऐकू नकोस. सविस्तर लिही."

आज जर्मनीत, बाड हॉम्बुर्गमध्ये राहून सतरा वर्षं झाली. लिहितो मी थोडक्यातच, पण घरी नाही, सगळ्या जगाला. फोनवरच्या ॲपवर रोज दोन ओळी: एस-बान, म्हणजे इथली लोकल, बारा मिनिटं उशिरा. तापमान उणे तीन. शेजाऱ्यांनी पुन्हा कागदाच्या डब्यात प्लास्टिक टाकलं. दोनशे चौदा माणसं मला फॉलो करतात, त्यांतली निम्मी तरी अनोळखी. माझ्या गाडीचा उशीर त्यांना कशाला हवा आणि मी तो का कळवतो, याचा ताळेबंद कधी जुळला नाही. इकडे आलेल्यांपैकी कोणाला जुळला असेल तर सांगा.

माझी एक शिस्त होती. घरच्यांसाठी मराठीत लिहायचं, ऑफिससाठी जर्मनमध्ये. खातं एकच.

यंदा मला इथलं नागरिकत्व मिळालं. म्हणजे भारतीय पासपोर्ट परत करायचा. अण्णा याचा एकच अर्थ काढणार, की मुलगा आता परत येत नाही. म्हणून दिवाळीला सांगलीत समोर बसून सांगायचं ठरवलं होतं. पण ऑफिसात अभिनंदन झालं, इथल्या रिवाजाप्रमाणे केक मीच नेला, आणि त्या भरात दोन ओळी जर्मनमध्ये टाकल्या.

"अहो, अण्णा रोज वाचतात तुमचं," बायको म्हणाली.

"जर्मनमध्ये आहे ते."

"मग काय, कुलूप लावलंय?"

नव्हतंच. अण्णांनी भाषांतराचं बटण दाबलं. संध्याकाळी पोस्टखाली त्यांचं उत्तर होतं, सर्वांसमक्ष: "अभिनंदन. बातमी मशीनकडून कळली. येथे सर्व ठीक." माझ्या एका जर्मन सहकाऱ्याने तेही भाषांतर करून वाचलं आणि त्याला हार्ट दिलं.

मी लगेच फोन लावला. अण्णांनी रागाचा एक शब्द काढला नाही. फक्त विचारलं, "आता इथं यायला तुला परवानगी लागणार?"

"एक कार्ड असतं, अण्णा. ते काढलं की व्हिसा लागत नाही."

"म्हणजे कार्ड दाखवून घरी यायचं."

तेवढ्यात आईने फोन ओढून घेतला असावा. "दार मी उघडणार आहे. मी कुठं कार्ड बघते? आणि तू दिवाळीला येणारेस ना, ते आधी सांग."

"येतोय," म्हणालो.

फोन ठेवल्यावर सवयीने ॲप उघडलं. आईचं वाक्य छान दोन ओळींत बसत होतं. टाईप केलं आणि पुसलं. एस-बानचा उशीर अनोळखी माणसांना बिनदिक्कत सांगणारा मी इथेच का अडलो, ते मला अजून कळत नाही. त्यांनी आईच्या बोलण्याला हार्ट दिलेलं मला चाललं नसतं, एवढंच कळतं. पत्ता आता इथला, पासपोर्टही इथला. तरी जे ॲपवर टाकवत नाही, तेच घर असावं बहुधा.