तीन गावांचं विद्यापीठ आणि एक हापसा

माझी हयात हापसे दुरुस्त करण्यात गेली. बोअरच्या तळाशी गाळ साचतो, तसे माझ्याजवळ किस्से साचलेत. बरेचसे हसण्यासारखे आहेत. नातीच्या ॲडमिशनचे मात्र आठवले की अजून डोकं तापतं.

*

त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. आमची शिवलीला बारावी पास झाली. माझी पान्यांची पिशवी धरून गावोगाव हिंडलेली पोर ती. तिला पाण्याचंच काही शिकायचं होतं. निलंग्याच्या बसस्टँडवर जाहिरात दिसली: 'करिअर घडवणारं विद्यापीठ. तीन कॅम्पस: लातूर, नांदेड, उदगीर.' त्यात जलव्यवस्थापनाचा कोर्सही होता.

आम्ही लातूर गाठलं. प्राचार्यांनी खुर्ची दिली, शिवलीलाची मूळ टी.सी. मागून घेतली, फायलीत लावली. मग म्हणाले, "आता कॅम्पस बघून घ्या."

मुलगी बघायच्या आधीच अक्षता टाकल्या!

*

कुठंही गेलो की मी आधी नळ सोडून बघतो. तिथल्या एकाही नळाला पाणी नव्हतं. दुष्काळच तसा होता, त्याचा दोष कुणाला द्यायचा? पण जलव्यवस्थापन शिकायला आलेल्या मुली घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. मी प्राचार्यांकडं बघितलं.

"हेच आमचं प्रॅक्टिकल," ते म्हणाले.

*

प्रयोगशाळेत यंत्र एकच, टाकीवर बसवलेला हापसा. हापसून बघितला तर नुसता खडखडाट. पाणी ओढणारा चामड्याचा वायसर फाटला होता. बिघडलेला हापसा सोडून जाणं मला जमत नाही. पायातल्या एका चपलेचं कातडं कापलं, वायसर करून बसवला. पाणी आलं.

परतताना माझा एक पाय अनवाणी. शिवलीला म्हणाली, "अप्पा, ॲडमिशन माझी झाली आणि चप्पल तुमची गेली."

*

मुख्य कॅम्पस उदगीरला, असं सांगितलं होतं. तोही बघावा म्हणून गेलो. उघडं माळरान, त्यात एक पाटी: 'मुख्य कॅम्पस, जिल्हा उदगीर.' पाटीच्या सावलीत एक शेळ्यावाली बाई बसलेली.

"जिल्हा झाला की बांधणार हायत म्हणं," ती म्हणाली.

उदगीर तर अजून लातूर जिल्ह्यातला तालुकाच. मी विचारलं, जिल्हा कधी होणार?

"माझं लगीन झालं तवापासून होऊन राहिलाय. आता मला नातवंडं हायत."

*

शिवलीलानं बसमध्येच ठरवलं, इथं शिकायचं नाही. सरकारी तंत्रनिकेतनाचा फॉर्म भरायला दोन दिवस उरले होते, आणि तिथं मूळ टी.सी. लागत होती. दुसऱ्या दिवशी लातूरला गेलो तर प्रयोगशाळेला कुलूप. कारकून म्हणाला, सर आणि फायली नांदेडला गेल्यात.

*

शेवटच्या दिवशी नांदेड गाठलं. दारावर 'संचालक' अशी पाटी आणि आत तेच लातूरचे प्राचार्य. त्या दिवशी विद्यापीठाची तपासणी होती. आम्हाला ओळख न दाखवता म्हणाले, "काका, एकदा घेतलेली टी.सी. परत मिळत नसते. मुलीच्या करिअरचा विचार करा." मी हळू बोलणारा माणूस. तोंड उघडेपर्यंत ते हार घेऊन फाटकाकडं गेलेसुद्धा.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून हापशाचा आवाज आला. मी दुरुस्त केलेला हापसा मला आवाजावरून कळतो. आत गेलो. हापसून बघणारा शिपाई साहेब आले म्हणून फाटकाकडं पळाला. हापशावर नवी चिठ्ठी: 'नांदेड कॅम्पस'. पिशवीतून पाना काढला, हापसा उघडला. वायसरवर माझ्या चपलेच्या शिवणीची भोकं होती. वायसर खिशात घातला आणि हापसा होता तसा बंद केला.

साहेब लोक आले. पहिल्या साहेबांनी दांडा मारला, खडखडाट. दुसऱ्यांनी मारला, खडखडाट. सरांनी साहेबांना चहाला बसवलं आणि घामाघूम होऊन माझ्याकडं आले. हलक्या आवाजात म्हणाले, "काका, वायसर द्या."

मी सावकाश म्हणालो, "आधी टी.सी."

ते स्वतः जाऊन फाईल घेऊन आले. शिवलीलानं टी.सी.वरचं नाव वाचलं, शिक्का बघितला, नीट घडी घालून पिशवीत ठेवली. मी सवयीनं पाना काढायला लागलो, तर तिनं माझा हात धरला.

"नुसता वायसर द्या, अप्पा. प्रॅक्टिकलच आहे, बसवतील ते."