चोराची पांभर

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्यावर कुणाविषयी लिहायला बसणं हे धाडसच आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

नरडाण्याला स्टेशनच्या रस्त्यावर एक म्हातारा सुतार होता. गावातल्याच एका शेतकऱ्यानं त्याचं दुकान फोडून हत्यारं नेली आणि तो धुळ्याच्या तुरुंगात गेला. त्या चोराची पेरणीची पांभर मात्र आधीपासून दुरुस्तीसाठी दुकानात पडून होती. सुट्टीत मी गेलो, तेव्हा सुतार शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या वाकसानं, म्हणजे लाकूड तासायच्या हत्यारानं, तिचेच दाते तासत होता.

"भाऊ, जेलना साहेबले इंग्रजीमा अर्ज लिख. त्याले मिरिगना पहिले सोडा," सुतार मला म्हणाला; मृगाची पेरणी तोंडावर आली होती.

"आबा, आते त्याले जवाई करी ल्या!" शेजारचा लोहार हसला.

मी चाचरत विचारलं, "पण चोरी तर तुमच्याकडेच झाली ना?"

त्यानं दात्यावरून अंगठा फिरवला. "मना वाकस गया, भाऊ. त्याना बठ्ठा हंगाम जाई."

मी अर्ज लिहून दिला.

परवा वसतिगृहात पत्र आलं, वडिलांनी मास्तरांकडून लिहवून घेतलेलं. अर्ज नामंजूर झाला होता. त्या चोराच्या शेतात पेरणी मात्र वेळेवर झाली. पांभर सुतारानंच धरली होती.